होळीनंतर चिखलातले पक्षी: नांदूरमध्यमेश्वर की बोर्डी?

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. होळीनंतरच्या शनिवार-रविवारी तुतारी, चिखल्या असे चिखलातले पक्षी बघायला निघायचं आहे. ८×४२ (८ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण आहे, लांबचं बघायचा तिपाईवरचा स्कोप नाही. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पाणथळीवर चिखल उघडा असेल, की सरळ डहाणूजवळचा बोर्डीचा समुद्रकिनारा गाठावा? आणि हिरवी तुतारी व ठिपकेवाली तुतारी लांबून कशा ओळखायच्या?

निफाडकर: तारखेपेक्षा आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सोडायची पाळी बघा. दारणा-गंगापूर धरणांचं पाणी सुटलं की बंधारा भरतो, चिखल बुडतो आणि हे पक्षी शेतांत पांगतात. मग चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून बदकं आणि जांभळ्या पाणकोंबड्याच दिसणार. अशा वेळी उसाला भरणं चालू असलेली रानं शोधा. घोटाभर पाण्यात शेकाटे आणि बगळे थांबतात; तुतारीला हवी असते ती पाणी मुरून चकाकी गेलेली, पण बोट सहज रुतेल अशी ओल. आज भरलेल्या वाफ्यापेक्षा काल भरलेला बरा. शेतकऱ्याला विचारूनच बांधावर जा आणि वाफ्यात पाय घालू नका. नऊ-साडेनऊनंतर हवा थरथरायला लागते, बारकावे दिसत नाहीत.

पाणटिवळा: पाठीच्या ठिपक्यांवर विसंबू नका, मार्चमध्ये ते दोघींनाही असतात. भुवई बघा. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते, पाय पिवळसर. हिरवीची भुवई डोळ्यापाशीच संपते, पाठ काळपट. उडाल्यावर शंका उरत नाही: हिरवीचे पंख खालून काळे, ठिपकेवालीचे फिके.

गोदाकाठ: भुवईचं लक्षात ठेवतो, आभार. बोर्डीबद्दल कुणी सांगेल का?

भरती_ओहोटी: त्या शनिवार-रविवारी बोर्डी नको. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. होळीनंतर लगेचच्या वद्य तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तिथे समुद्र इतका आत जातो की ८ पटीच्या दुर्बिणीत पक्षी म्हणजे नुसते ठिपके. वद्य दशमी-एकादशीला जा. भरती सकाळी साडेसात ते सव्वाआठ, काही मिनिटं इकडेतिकडे. दोन तास आधी पोचा. चढतं पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं आणि पश्चिम किनारा असल्याने उगवतं ऊन पाठीशी राहतं. त्र्यंबक-मोखाडा-जव्हारचा घाटरस्ता रात्री नको, आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचा. वाळूत एका जागी बसून राहा. चिखलात चालत गेलात तर थवा उठतो, आणि उत्तरेच्या प्रवासाआधी चरबी साठवण्याचे त्यांचे हेच दिवस आहेत.