नवी हवा अंगवळणी पडताना: तुमचे अनुभव

नोकरी, शिक्षण, लग्न, बदली... कारण काहीही असो, जागा बदलली की हवाही बदलते. निघण्याआधी आपण तापमानाचा आकडा तेवढा बघून ठेवतो आणि तिथे पोचल्यावर त्रास भलत्याच गोष्टीचा होतो. तुम्हाला कशाचा झाला? सविस्तर लिहा.

*

दमट किनाऱ्यावरून थेट बर्फाळ प्रदेशात आले. धास्ती थंडीची होती, छळलं कोरडेपणानं. सकाळी नाकात खपल्या, शिंकरलं की रुमालावर रक्त. बोटांच्या पेरांना अशा चिरा पडायच्या की शर्टाचं बटण लावताना डोळ्यांत पाणी यायचं. दाराच्या मुठीला हात लावला की स्थिर विजेचा चटका, तो वेगळाच!

शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम ५ ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापवली की १७ ग्रॅम मावू शकतं, पण बाष्प असतं तेवढंच. म्हणजे आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली. हीटर जितका वाढवाल तितकी त्वचा तडकणार. मी घरात एक स्वेटर चढवून हीटर उतरवला. अंघोळ कोमट आणि झटपट, अंग ओलसर असतानाच जाड मलम, नाकात सलाईनचे थेंब. महागड्या क्रीमपेक्षा साधी पेट्रोलियम जेली सरस, हे माझं ठाम मत.

*

चटक्याबद्दल अगदी अगदी! लोकरी मोजे घालून गालिच्यावर फिरलं की आमच्याकडे कोणी कोणाला हात लावत नाही.

*

माझं उलट. थंड डोंगराळ भागातून रखरखीत उन्हात, तेही बांधकामाच्या साइटवर. आमचा मुकादम नव्या माणसाला सुरुवातीला पूर्ण पाळी करूच देत नसे. तेव्हा राग यायचा, पण त्यामागे शास्त्र आहे. उन्हाची सवय व्हायला साधारण १ ते २ आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो. एसीत बसून ही सवय लागत नाही, आणि लांब सुट्टीवर गेलात की ओसरते. परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

*

समुद्रसपाटीपासून २५०० मीटरच्या वर राहायला जाणाऱ्यांनी पहिले काही दिवस सामान लावायची घाई करू नये. डोकेदुखी, मळमळ वाढतच गेली तर खाली उतरायचं, हुज्जत घालायची नाही.

*

थंडीला कपडे आहेत हो, अंधाराला काय घालणार? ६० अक्षांशाच्या आसपास राहतो. डिसेंबरात दिवस जेमतेम ६ तासांचा. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. दुपारच्या सुट्टीत आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर चक्कर मारणं, हे मी औषधासारखं पाळतो. जून आणखी वाईट. रात्री दहाला लख्ख उजेड, आणि धाकटी म्हणते, "बाबा, अजून सूर्य आहे, मी का झोपू?" काळे पडदे लावले तेव्हा कुठे घर झोपलं.

*

कोरड्या प्रदेशातून दमट भागात आलेलं कोणी दिसत नाही इथे. घामाचं काही वाटत नाही, पण कपाट उघडलं की चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी! कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, दारं दिवसातून तासभर सताड उघडी ठेवते, कॅमेऱ्याच्या लेन्स हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत गेल्या. पुस्तकांचं मात्र जमलेलं नाही. तुम्ही काय करता?