तुळशीचा काढा रोज घ्यावा का? मला पित्ताचा त्रास होतो आहे

प्रश्न: सातारकर

सर्वांना नमस्कार. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ तुळशीचा काढा होतो. सासूबाई अंगणातल्या कृष्ण तुळशीची पंधरा-वीस पाने, सुंठ, सात-आठ मिरे आणि दालचिनीचा तुकडा पातेल्यात घालून पाणी निम्म्याहून खाली येईपर्यंत उकळतात. पाने काळी पडतात, वास माजघरापर्यंत दरवळतो आणि मग पेला प्रत्येकाच्या हातात येतो. त्यांच्या जुन्या खोकल्याला आणि छातीत साठणाऱ्या कफाला या काढ्याने उतार पडला, हे मी स्वतः पाहिले आहे. मला मात्र तिसऱ्या आठवड्यापासून छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि वारंवार तोंड येणे असा त्रास सुरू झाला. तुळस कुणालाही बाधत नाही, अशी सासूबाईंची श्रद्धा आहे आणि ती दुखावण्याची माझी इच्छा नाही. म्हणून ग्रंथांत नेमके काय लिहिले आहे ते जाणकारांनी सांगावे. औषधासाठी काळी तुळस चांगली की पांढरी, आणि आमच्या दहा महिन्यांच्या मुलीला तुळशीचा रस मधातून चाटवावा का, हेही विचारायचे आहे.

प्रतिसाद: वैद्य, सांगली

आपल्या त्रासाचे कारण चरकाचार्यांनीच सांगून ठेवले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 27व्या अध्यायात, हरितवर्गात, तुळस ‘सुरस’ या नावाने येते: ‘हिक्काकासविषश्वासपार्श्वशूलविनाशनः । पित्तकृत् कफवातघ्नः सुरसः पूतिगन्धहा ॥’ उचकी, खोकला, विष, दमा आणि कुशीतील वेदना यांचा ती नाश करते, कफ आणि वात कमी करते, दुर्गंध घालवते. आणि त्याच श्लोकात ती पित्त वाढवते असेही स्पष्ट म्हटले आहे. भावमिश्रांनी भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिला ‘दाहपित्तकृत्’ म्हटले आहे, म्हणजे आपल्याला होणारी जळजळ तिथे शब्दशः नोंदलेली आहे. सासूबाईंचा खोकला कफाचा होता, आपली प्रकृती पित्ताची दिसते. औषध एकच, पण दोन शरीरांत त्याचे काम निराळे झाले.

तुळस चवीला तिखट-कडू, गुणाने हलकी आणि रूक्ष, वीर्याने, म्हणजे शरीरावरील परिणामाने, उष्ण आहे. तिच्या जोडीला सुंठ आणि मिरे आले की ही उष्णता आणखी वाढते, आणि माझ्या मते आपल्या काढ्यातील खरी अडचण मिऱ्यांच्या प्रमाणात आहे. 2020 साली आयुष मंत्रालयाने जो क्वाथ, म्हणजे काढा, सुचवला होता, त्यात वाळलेली तुळस 4 भाग, दालचिनी 2 भाग, सुंठ 2 भाग आणि मिरे अवघा 1 भाग असे प्रमाण होते. हे मिश्रण 3 ग्रॅम घेऊन 150 मिलिलिटर उकळत्या पाण्यात चहासारखे करायचे आणि हवे तर त्यात गूळ किंवा मनुका घालायच्या, अशी ती कृती होती. आपल्याकडे त्या काळात अनेक घरांत मिरे मुठीने पडले आणि पुढे कित्येक महिने तोंड आलेले, गुदमार्गाची आग होणारे रुग्ण माझ्यासमोर बसत होते, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्यात दोष तुळशीकडे गेला.

काळ्या-पांढऱ्याचा वाद भावमिश्रांनी एका ओळीत मिटवला आहे: ‘शुक्ला कृष्णा च तुलसी गुणैस्तुल्या प्रकीर्तिता.’ म्हणजे पांढरी आणि काळी तुळस गुणांनी सारखीच. अंगणात जी आहे तीच वापरावी.

आपण सध्या काढा पूर्ण बंद करावा. पावसाळा सरून आश्विनाचे ऊन सुरू झाले की शरद ऋतूत पित्त एरवीही वाढलेले असते; त्या दिवसांत रात्री भिजवलेल्या धन्यांचे पाणी आणि मनुका आपल्याला अधिक मानवतील. पुढे कधी सर्दी झाली, नाकातून पाणी वाहू लागले, तर तुळशीची सात-आठ पाने पुरतात, तीही दोन-तीन दिवस आणि मिऱ्यांशिवाय. सासूबाईंना सांगताना चरकसंहितेच्याच विमानस्थान या भागाचा आधार घ्यावा: पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात सतत वापरू नयेत, असे तिथे सांगितले आहे. पिंपळीसारखे रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारे, मानलेले औषधसुद्धा जिथे रोजचे अन्न होऊ शकत नाही, तिथे सुंठ-मिऱ्यांचा काढा दोन वेळा वर्षभर कसा चालेल, हे त्यांना नक्की पटेल.

मुलीला मध मुळीच देऊ नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो आणि बाळगुटीची परंपरा कितीही जुनी असली तरी हा धोका पत्करण्यासारखा नाही. एवढ्या लहान बाळाला खोकला असेल तर घरचे चाटण न देता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रतिसाद: निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, दापोली

वैद्यांच्या उत्तरात कृतीविषयी एक भर घालतो. तुळशीचे पान बोटांत चुरडले की लवंगेसारखा जो वास येतो, तो मुख्यतः युजेनॉल या द्रव्याचा असतो आणि लवंगेच्या तेलातही तेच असते. ही द्रव्ये उडून जाणारी आहेत. पातेले उघडे ठेवून अर्धा तास उकळले की माजघर दरवळते खरे, पण जे दरवळले ते पेल्यात उरत नाही. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथापासून वेगळी ‘फांट’ नावाची कृती दिली आहे: कुटलेल्या औषधावर चौपट गरम पाणी ओतायचे आणि गाळून घ्यायचे. सुवासिक पानांना हीच योग्य आहे. मी पाने हाताने तोडून पितळी झाकणाच्या भांड्यात टाकतो, वर उकळते पाणी ओततो, दहा मिनिटे झाकण काढत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही पुन्हा भांड्यातच पाडतो.

बाजारात तुळशीचे बी म्हणून जे मिळते ते बहुधा सब्जाचे असते. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत, पण सब्जा वेगळा आणि अंगणातली तुळस वेगळी. कापूर तुळस आणि रानतुळस यांनाही लोक सरसकट तुळसच म्हणतात, म्हणून औषधासाठी रोप घेताना पान चुरडून वास घ्यावा. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड पानांवर राहते, नाहीतर बी धरून लवकर म्हातारे होते.

प्रतिसाद: डोंबिवलीकर

माझे वडील मधुमेहाच्या गोळ्या घेत असताना रोज सकाळी तुळशीचा रसही घेऊ लागले आणि घरात कुणी डॉक्टरांना ते सांगितले नाही. दोनदा घाम फुटून, हात थरथरून साखर खाली गेली, तेव्हा डॉक्टरांनी आधी रस थांबवायला लावला. तुळशीने साखर थोडी उतरू शकते, गोळ्यांसोबत घेताना ती मोजत राहावी, असे त्यांनी समजावले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तरीही सांगावे, असेही ते म्हणाले. आम्ही आधीच विचारायला हवे होते.

सातारकर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काढा बंद करून चार दिवस झाले आणि जळजळ बरीच कमी आहे. श्लोक सासूबाईंना वाचून दाखवला. ‘पित्तकृत्’ हा शब्द त्यांनी दोनदा वाचला आणि स्वतःच माझा पेला बाजूला ठेवला. आता एकच शंका आहे: घरात त्रिभुवनकीर्ती या आयुर्वेदिक औषधाच्या गोळ्यांची डबी आहे आणि त्यातही तुळस असते असे ऐकले. तापात त्या घेतल्या तर चालतील का?

वैद्य, सांगली

त्या गोळ्यांना तुळशीच्या रसाची भावना दिलेली असते, म्हणजे औषध त्या रसात घोटलेले असते, तशीच आल्याच्या आणि धोत्र्याच्या रसाचीही. मूळ द्रव्यांत मात्र हिंगुळ आणि बचनाग आहेत. हिंगुळ पाऱ्याचे संयुग आहे आणि बचनाग शोधन केलेला, म्हणजे शुद्ध करून घेतलेला, असला तरी विषच आहे. तुळशीचे नाव ऐकून ती डबी घरगुती औषध समजू नये, वैद्याने मात्रा लिहून दिल्याशिवाय घेऊ नये, आणि मुलीचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. गर्भारपणात तर तुळशीचा रोजचा रससुद्धा मी देत नाही.

सासूबाईंविषयी एक गोष्ट राहून गेली. त्यांचा खोकला जुना आहे असे आपण लिहिले आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर कफाची क्षयरोगासाठी तपासणी करायची असते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. काढ्याने उतार पडला असला तरी ती तपासणी झालेली नसेल, तर या आठवड्यातच करून घ्यावी.