अनुभव धागा: स्टेअरिंगचा शाफ्ट घरी बदलताना

मंडळी, पावसाळ्यातले खड्डे खाऊन चवथीपर्यंत गोव्यातल्या कितीतरी जुन्या गाड्यांचं स्टेअरिंग खटखटायला लागतं. संशय थेट रॅकवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या खालच्या दातेरी पट्टीवर जातो. पण कित्येकदा दुखणं त्याच्या वर असतं, कॉलम (स्टेअरिंगच्या चाकाखालचा दांडा) आणि रॅक जोडणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्टच्या क्रॉसमध्ये, म्हणजे दोन काटे जोडणाऱ्या फिरत्या सांध्यात. हा शाफ्ट कोणी अंगणात स्वतः बदलला असेल तर सविस्तर लिहा. मध्येच थांबून गाडी मेकॅनिककडे दिली असेल, तर तेही लिहा.

म्हापशाहून
आधी खात्री करा, मगच पाना हातात घ्या. इंजिन बंद ठेवून किल्लीने स्टेअरिंग लॉक काढलं. मुलगा सीटवर बसून चाक अगदी थोडं डावी-उजवीकडे हलवत होता आणि मी पेडलपाशी टॉर्च धरून क्रॉसवर बोट ठेवलं होतं. वरचा काटा हलायचा आणि खालचा किंचित उशिराने. प्ले, म्हणजे ढिलेपणा, तिथेच होता. टाय रॉड एंडही (रॅक आणि चाकांमधले सांधे) याच पद्धतीने तपासले, ते चांगले निघाले.

दिवाडीहून
आमच्या गाडीत खालचा क्रॉस इंजिनच्या बाजूला उघडा आहे. बेटावरची खारी हवा आणि फेरीच्या रॅम्पवरचं पाणी, त्यामुळे तिथे शाफ्टचा क्लॅम्प आवळणारा बोल्ट गंजून एकजीव झाला होता. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारलं, सकाळी पुन्हा मारलं. गोटी (सॉकेट) सहा पैलूंचीच वापरा, बारा पैलूंची असल्या बोल्टचे कोपरे खाते. बोल्ट निघाल्यावरही शाफ्ट खालच्या दांड्यावरच्या दात्यांवरून हलेना. क्लॅम्पची फट पेचकसाने जरा रुंद केली, तेव्हा सरकला. हातोडा मारायचा नाही, ते धक्के थेट रॅकला आणि कॉलमला बसतात.

फोंड्याहून
एअरबॅगवाल्यांनी हे नीट वाचावं. स्टेअरिंगखाली क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे गुंडाळलेली चपटी वायर. एअरबॅग आणि हॉर्न तिच्यावर चालतात. शाफ्ट सुटला की चाकाला अडवणारं काही उरत नाही. ते मोकळं गरगर फिरलं तर ती वायर तुटते. शेजाऱ्यांच्या गाडीचं एका गॅरेजात हेच झालं, एअरबॅगचा दिवा लागला आणि हॉर्न गेला. म्हणून पुढची चाकं सरळ करून किल्ली काढायची, लॉक बसू द्यायचं आणि वर सीटबेल्ट चाकातून ओवून ताणून ठेवायचा. बॅटरीची निगेटिव्ह तार आधीच काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका.

साखळीहून
फोंडेकरांनी लिहिलंय त्यात खुणांची भर घालतो. काढण्याआधी पांढऱ्या रंगाची एक रेघ कॉलमवरून शाफ्टवर आणि दुसरी शाफ्टवरून पिनियनवर, म्हणजे रॅकमधून वर येणाऱ्या दांड्यावर ओढली. एक दाता जरी चुकला तरी सरळ रस्त्यावर चाक तिरकं राहतं. शाफ्ट दोन तुकड्यांचा, आत-बाहेर सरकणारा असेल तर ते तुकडे वेगळे होऊ देऊ नका. उलटसुलट बसले तर दोन्ही क्रॉसचा मेळ बिघडतो आणि वळवताना स्टेअरिंग मध्येच जड, मध्येच हलकं लागतं.

जीव अडकलेला असतो तो पिंच बोल्टमध्ये, म्हणजे क्लॅम्प आवळणाऱ्या बोल्टमध्ये. पिनियनच्या दांड्यावर खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आडवा गेला पाहिजे. शाफ्ट पुरता खाली बसला नसेल तर बोल्ट खाचेबाहेरून जातो, आवळल्यावर घट्टही वाटतो आणि कधीतरी सगळं वर सरकून सुटतं. आरशाने बघा. बोल्ट नवा घ्या आणि टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळा, अंदाज नको.

वास्कोहून
मी शाफ्ट काढलाच नाही. आमच्या गाडीत पॉवर स्टेअरिंगची मोटर कॉलमवरच आहे, जागा एवढी चिंचोळी की बोल्ट डोळ्यांनी दिसत नव्हता. साखळीकरांनी म्हटलेली खाच दिसणार नसेल तर हे काम अंगणातलं नाही, असं माझं ठाम मत आहे. पार्ट मात्र स्वतः नवा आणून दिला, भंगारातला घेतला नाही. गाडी परत आल्यावर मैदानात हळू चालवून दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवली, वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद होतो का तेही पाहिलं. मगच चिखलीच्या उतारावर घातली.