मदत हवी आहे: बाबांना यूपीआय येतं, पण वापरायचं नाहीये

मंडळी, जरा सल्ला हवाय. बाबा ७२ वर्षांचे, जिल्हा परिषदेतून रिटायर, साताऱ्यात आई आणि ते दोघंच असतात. फोन कळत नाही असं अजिबात नाही, यूट्यूबवर कीर्तनं, व्हॉट्सॲपवर दिवसभर फॉरवर्ड सगळं चालू असतं. पण पैसे म्हटलं की बँकेत जाऊन स्लिप भरून रोख काढणार आणि पासबुक छापून आणणार, प्रिंटिंग मशीन बंद असेल तर दुसऱ्या दिवशी परत जाणार. आता गुडघ्यांमुळे ते झेपत नाही.

आईचं उलट. भाजीवालीकडे सुट्टे नसायचे, उरलेल्या पैशांत नको असताना मिरच्या-कोथिंबीर घ्यावी लागायची, त्या वैतागातून ती स्कॅन करायला शिकली. दुकानातला स्पीकर रक्कम बोलला की ती निघते, स्पीकर नसेल तर रोखच देते. पण तिच्या खात्यात असतात दोन-चार हजार, बाबांची पेन्शन आणि सगळी शिल्लक एकाच खात्यात, मला वाटतं खरी मेख इथेच आहे. त्यात बाबांच्या मित्राला "लाइट बिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कापणार" असा फोन आला, फोन करणाऱ्याने सांगितलेलं ॲप टाकलं आणि खातं साफ. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे अजून आलेले नाहीत. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे बाबांना पाठ आहे, तरी म्हणतात "घाईत बोट पडलं तर?" यावर काय बोलणार.

मी यूपीआय सर्कल सुचवलं, म्हणजे खातं माझं, त्यातून पेमेंट ते करणार, महिन्याला १५ हजारांपर्यंत. तर म्हणाले, "म्हणजे आता मी तुझ्या पैशांवर जगायचं?" विषयच संपला. सर्कलच्या दुसऱ्या प्रकारात प्रत्येक पेमेंटला माझी मंजुरी लागते, ते तर त्यांना सांगायची सोयच नाही.

आता डोक्यात आहे की त्यांच्याच नावाने दुसरं छोटं खातं काढायचं, पेन्शनमधून दरमहा ठरावीक रक्कम तिकडे वळवायची आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडायचं. कोणी केलंय का असं? त्याच बँकेत काढावं की दुसऱ्या? मोबाइल नंबर दोन्हीकडे एकच आहे, मग ॲपमध्ये पेन्शनचं खातं चुकून जोडलं जाणार नाही ना? आणि यूपीआय लाइटला (छोट्या रकमांसाठीची सोय) पिन लागत नाही, हे ऐकून तुमच्याकडचे ज्येष्ठ खूश झाले की आणखी घाबरले?