‘कच्छचे रण’मधला रण म्हणजे नेमकं काय?

नाशिकला अकरावीला भूगोल शिकवते. परवा कच्छचा स्थलनिर्देशक नकाशा लावला तर एका मुलीने विचारलं, “मॅडम, तिथे कुठलं युद्ध झालं म्हणून रण?” मराठीत रण म्हटलं की रणांगणच डोळ्यांपुढे येतं, तिचं काय चुकलं? मी ‘वाळवंट’ सांगून वेळ मारून नेली. पण नकाशात वाळू कुठे दिसते? जाणकारांनी सांगावं.

— ताई, वाळवंट नको. हा रण संस्कृत ‘इरिण’वरून आला असं मानतात. इरिण म्हणजे खारी, नापीक जमीन. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात याच भागाचं नाव ‘एइरिनॉन’ असं आहे. आपल्याकडे निफाडच्या बाजूला पाटपाण्याने खारावलेल्या जमिनीला चोपण म्हणतात, तो शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘रान’ मात्र अरण्यावरून आलेला, त्याचा इथे संबंध नाही.

— मोजणी खात्यात आयुष्य गेलं, म्हणून नकाशाबद्दल सांगतो. 1:50,000च्या शीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेघा, साधारण 20 मीटरला एक. रण समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर, त्यामुळे तपकिरी रेघ शोधूनही सापडत नाही. तिथे वाट काढायची ती ‘बेटां’वरून. खडीर बेट, छाड बेट. पावसाळ्यात रण पाण्याने भरतं तेव्हा जी जमीन वर राहते ती बेट. हडप्पाकालीन शहर धोळावीरा खडीरवरच आहे. उत्तरेला ‘अल्लाह बंद’ दिसेल. 1819च्या भूकंपात जमीन उचलली गेली आणि लांबच लांब बांध तयार झाला. माणसाने बांधलेला नाही, म्हणून ते नाव.

आणि ताई, ‘रण म्हणजे काय’ हा प्रश्न सीमेच्या लवादापुढेही आला होता. पाकिस्तान म्हणे, रण समुद्रासारखं आहे, तेव्हा सीमा त्याच्या मधून, 24 अंश अक्षांशाजवळून जावी. भारत म्हणे, सीमा रणाच्या उत्तर काठाने जाते. दोघांनीही जुने नकाशे पुढे केले. 19 फेब्रुवारी 1968च्या निवाड्यात वादातल्या प्रदेशापैकी सुमारे 90 टक्के भारताकडे राहिला, छाड बेट पाकिस्तानकडे गेलं.

— काका, फार उपयोग झाला. लवाद नेमला गेला तो एप्रिल 1965च्या चकमकींनंतर, म्हणजे युद्धही तिथे झालंच होतं! नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. हे त्या मुलीला उद्याच सांगते, आणि फळ्यावर ‘रण : खारी जमीन’ असं लिहिते.