थारचा बाज गेला म्हणणाऱ्यांनो, जीपमध्ये मागे कधी बसलात का?

मागचा_बाक :
परवा पिवळी_जीप यांनी महिंद्राच्या थारच्या नव्या पाच दारी अवताराबद्दल, रॉक्सबद्दल, लिहिलं, "पाच दारं, सनरूफ, गार हवेच्या सीटा. रॉक्स आणून थार मारली, उरली ती सोसायटीच्या पार्किंगमधली शोभा." खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आमच्या घरी जीप होती. तुम्ही पुढे बसून स्टिअरिंग धरलंत, मी दहावीपर्यंत मागच्या आडव्या बाकावर. पाठीला हूडचा पाइप, पायात खताची गोणी, खिडकीचं प्लास्टिक पिवळं पडलेलं आणि पावसात लावायच्या बटणांपैकी तीनच शिल्लक. आजीला चढवायला दोघं लागायचे, एक वरून ओढणारा, एक खालून ढकलणारा. एकदा लुगडं हुकात अडकून टरकन फाटलं. त्या दिवसापासून म्हातारी एसटीनेच गेली, दारात जीप उभी असताना.

बाज म्हणायचं तरी कशाला? खाली लॅडर फ्रेम (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल, दांड्याला लो रेंज (चढा-चिखलासाठी हळू पण जोराचे गियर). फोर-बाय-फोर, म्हणजे चारी चाकांना ताकद देणाऱ्या, रॉक्समध्ये हे तिन्ही आहे. २०१०च्या सीआरडीई डिझेल थारला पुढे टॉर्शन बारचं सस्पेन्शन आलं तेव्हा आमच्याकडचे ५४०वाले, म्हणजे महिंद्राच्या जुन्या जीपवाले, हेच रडत होते. आज तीच थार तुम्हाला 'ओरिजिनल' वाटते. दहा वर्षांनी रॉक्सचीही पूजा घालाल.

पिवळी_जीप :
शीर्षकावरूनच कळलं, लिहिणारा मागे बसणारा आहे. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी, रॉक्सचा २८५०. हे ४०० मिमी पोटात वाढलेत. बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, मध्ये पोट टेकलं की उघडा सनरूफ आणि मोजा चांदण्या. आणि पेट्रोल घेतली तर रॉक्सला फोर-बाय-फोर नाहीच. थार नावाच्या गाडीला!

मागचा_बाक :
पेट्रोलचं मान्य, तिथे माझंही डोकं फिरतं. पण तुम्हीच मागच्या महिन्यात मारुतीच्या जिमनीची आरती ओवाळत होतात. दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, खरी गाडी वगैरे. आपल्याकडे आणली ती जिमनी पाच दारांचीच होती साहेब. तिथे दारं मोजली नाहीत?

पिवळी_जीप :
तिचा व्हीलबेस २५९० आहे. मोजून बोला.

डबल_क्लच :
ही रड जगभर आहे. अमेरिकेत १९८७च्या जीप रँग्लरला चौकोनी दिवे दिले म्हणून जीपवाले इतके खवळले की आजही त्यावरून टोमणे मारतात. दहा वर्षांनी पुढच्या पिढीत गोल दिवे परत आले, आणि त्याच गाडीखालच्या लीफ स्प्रिंग (पाटे) जाऊन कॉइल (गोल स्प्रिंगा) आल्या. खरा बदल तो. पण खाली वाकून बघतो कोण? मर्सिडीजच्या जी-वॅगनचं २०१८ साली तेच. पुढचा अखंड अ‍ॅक्सल काढला, पण लॅडर फ्रेम, तिन्ही डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारे) आणि दार लावतानाचा तो बंदुकीच्या खटक्यासारखा आवाज जपून ठेवला. लँड रोव्हर डिफेंडरवाल्यांनी मात्र फ्रेमच टाकून दिली. जुनी जानेवारी २०१६मध्ये बंद झाली, २०१९ला नवी दाखवली ती मोनोकॉक, म्हणजे वेगळी फ्रेम नाही, बॉडीच सांगाडा. शिव्या खाल्ल्या. पण नवी पाण्यात ९०० मिमीपर्यंत उतरते, जुनीला कंपनी स्वतःच ५०० सांगायची. आता घाला वाद.

घाटउतार :
मी घालतो. काकांची जीप, चारी चाकांना ड्रम ब्रेक. ओढ्यातून बाहेर पडलो आणि लगेच उतार लागला. ड्रममध्ये पाणी. काका पेडलवर जवळजवळ उभेच राहिले, पण गाडी थांबायचं नाव घेईना. शेवटी दरडीला घासून थांबवली. माझ्या हनुवटीवर सात टाके आहेत, दाढी ठेवतो ती त्यामुळे. २०१०च्या थारला एअरबॅग नव्हत्या. २०२०च्या थारला धडक-चाचणीत ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले, रॉक्सला भारत एनकॅपचे पाच. मला बाज शिकवू नका.

पिवळी_जीप :
ओढ्यातून निघाल्यावर चार-दोनदा हलका ब्रेक दाबून ड्रम सुकवायचे असतात. ते केलं नाही यात जीपचा काय दोष?

घाटउतार :
काका तीस वर्षं जीप चालवत होते. काकांवर येऊ नका. सांगून ठेवतो.

मावशी_पाय_घ्या :
तुम्ही सगळे शनिवार-रविवारचे जीपवाले. आमची महिंद्राची कमांडर जीप वडापला, म्हणजे खासगी प्रवासी भाड्याला, होती. ड्रायव्हरच्या उजव्या अंगालासुद्धा एक माणूस, गियरचा दांडा कुणाच्या तरी गुडघ्यात. तिसरा टाकताना वडील नुसतं "मावशी, पाय" म्हणायचे. हप्ता वेळेवर गेला की गाडी चांगली, बाज वगैरे आम्हाला ठाऊक नव्हता. म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून त्यांनी मागच्या पायरीखाली आणखी एक लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली होती. तेव्हा कुणी आत्मा गेला म्हणून ओरडलं नाही. मागाहून बाजूच्या चार गाड्यांनी तश्शीच पट्टी लावली.

लाल_डबा :
वडापचं कौतुक ऐकून भरून आलं. एसटीचं वाटोळं तुम्हीच केलंत. १ जून १९४८ला पुणे-नगर गाडी सुटली तेव्हापासून तोट्याच्या फाट्यावर कोण जात होतं? तुम्ही भरल्या रस्त्यावर स्टँडच्या तोंडाशी उभे राहून माणसं उचलायचात. माझे वडील कंडक्टर होते, रिकामी गाडी घेऊन परत यायचे.

मावशी_पाय_घ्या :
२०२१-२२च्या संपात बोर्डाच्या परीक्षेला पोरं कुणी पोचवली मग?

लाल_डबा :
दुप्पट पैसे घेऊन.

मावशी_पाय_घ्या :
दीडपट. आणि कंडक्टर साहेबांच्या गाडीला आम्ही हात केला तर ती थांबायची का, तेही विचारा घरी.

लाल_डबा :
बारा माणसं कोंबलेल्या गाडीने शहाणपणा शिकवू नये. वडील हयात नाहीत, नाहीतर त्यांनीच उत्तर दिलं असतं.

डबल_क्लच :
लोकहो, सस्पेन्शनवर बोलत होतो आपण.

लाल_डबा :
तुमचं सस्पेन्शन गेलं खड्ड्यात.

डबल_क्लच :
तेच त्याचं काम आहे.

पिवळी_जीप :
एसटीच्या मारामारीत ती पायरीची पट्टी वाहून गेली, म्हणून लिहितोय. आमच्या आईचे गुडघे गेलेत. गेल्या दिवाळीपासून ती माझ्या जीपमध्ये बसलेली नाही, हे मूळ पोस्टमध्ये मी लिहिलं नव्हतं. तेव्हा 'मारली' हा शब्द मागे घेतो, 'जखमी केली' असं वाचावं. लांबलेल्या पोटाबद्दल एक अक्षर मागे घेत नाही. आणि छताला भोक पाडलं की ते कधीतरी गळणारच.

मागचा_बाक :
तुमचं हूड गळत नव्हतं?

पिवळी_जीप :
ते पहिल्या दिवसापासून गळायचं. त्यात फसवणूक नव्हती.