मदत हवी आहे: काट्याच्या ऑब्जेक्टवर स्वतःचा इव्हेंट लावलाय, पण एका गाडीच्या तीन तीन पावत्या निघताय

राम राम मंडळी. धरणगावला मामांच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्या मोजायचं एक पान जावास्क्रिप्टमधे बनवतोय. मापाडी वजन टाकतो आणि ते तीन जागी बदलायला पाहिजे, वरती मोठ्या आकड्यात, बाजूला दिवसभराच्या क्विंटलमधे आणि खाली शेतकऱ्याच्या पावतीवर. आधी काटा ऑब्जेक्टमधूनच तिघांची फंक्शनं एकामागे एक बोलवायचो, पण मग काट्याला सगळ्यांची नावं माहीत पाहिजेत, एक भाग काढला की सगळंच अडायचं. म्हणून ठरवलं की काट्याने फक्त हाक मारायची "वजन झालं", ज्याला ऐकायचंय तो ऐकेल.

साध्या ऑब्जेक्टवर ॲडइव्हेंटलिसनर (हाक ऐकणारं फंक्शन, म्हणजे लिसनर, जोडायची सोय) लावलं तर असं फंक्शनच नाही म्हणे. मग डॉक्युमेंटवरच, म्हणजे पूर्ण पानावरच, इव्हेंट (ती हाक) सोडून भागवलं, पण सरकीचा दुसरा काटा जोडला आणि दोघांची वजनं एकमेकांत गेली. आता काट्याचा क्लास इव्हेंटटार्गेटवरून (इव्हेंट सोडायची-ऐकायची सोय असलेला ब्राउझरचा तयार क्लास) एक्स्टेंड करेल आहे, कन्स्ट्रक्टरमधे आधी सुपर, वजन कस्टमइव्हेंटच्या डिटेलमधे, मग डिस्पॅचइव्हेंट, म्हणजे हाक मारायची. हे मस्त चालतंय, दोन्ही काटे वेगळे झाले.

अडलंय ते पावतीत. प्रत्येक गाडीला नवीन पावती उघडते, ती ॲडइव्हेंटलिसनरमधे स्वतःचं फंक्शन धिस बाइंड करून (म्हणजे त्याच पावतीशी बांधून) देते, आणि बंद होताना तसंच बाइंड करून रिमूव्हइव्हेंटलिसनर करते. एरर काहीच नाही, पण तिसऱ्या गाडीला तीन पावत्या. काल एका शेतकऱ्याच्या हातात जास्तीच्या गेल्या, मामांनी माणूस पाठवून परत मागवल्या, फार वाईट वाटलं, त्या कागदावर त्याचे पैसे ठरतात.

अजून एक, लोकलस्टोरेजमधलं (ब्राउझरमधे साठवून ठेवलेलं) शेवटचं वजन कन्स्ट्रक्टरमधेच वाचून तिथेच इव्हेंट सोडतो, पण पान उघडल्यावर कुठेच दिसत नाही. सेटटाइमआउट टाकून थोडं उशिरा सोडलं की दिसतं, पण तो इलाज मला पटत नाही. कोणी सांगा भो.

उत्तर
भाऊ, बाइंड दर वेळी नवीन फंक्शन देतं. काढताना दिलेलं फंक्शन लावलेलं नव्हतंच, म्हणून काहीच निघत नाही आणि ब्राउझर बोलतही नाही. जुन्या पावत्या मेमरीतही अडकून राहतात, कारण काट्याने त्यांना धरून ठेवलंय. पावतीच्या कन्स्ट्रक्टरमधे एकदाच बाइंड करून ते धिसवर ठेवा, लावताना आणि काढताना तेच द्या. मला स्वतःला ॲबॉर्टकंट्रोलर (लिसनर एकदम तोडायचं ब्राउझरचं बटण समजा) आवडतो, त्याचा सिग्नल लिसनर लावतानाच द्यायचा आणि पावती बंद होताना ॲबॉर्ट, एका पावतीचे चार लिसनर असले तरी सगळे एकदम सुटतात.

दुसरं, डिस्पॅचइव्हेंट लगेच त्याच क्षणी लिसनर बोलवतं, साठवून काही ठेवत नाही. कन्स्ट्रक्टर चालू असताना बाहेरच्या कोणाच्या हातात काटाच आलेला नाही, तर ऐकणार कोण? शेवटचं वजन काट्यावर प्रॉपर्टी म्हणून ठेवा, प्रत्येक भागाने सुरुवातीला ते वाचावं आणि मग लिसनर लावावा. इव्हेंट फक्त बदलासाठी.

धागा टाकणारा
सिग्नलवालं केलं. खोट्या दहा गाड्या मोजून पाहिल्या, दहाच पावत्या. सेटटाइमआउट काढून टाकलं, पान उघडताच वजन दिसतंय. लई आभार भाऊ, सरकीच्या काट्यालाही आजच लावतो.